सहा इंच बर्फ

गाडी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात लागली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि अंधार पडून तास होऊन गेला होता. जनेलने इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. आरशातून मागे बघत ती म्हणाली, "बाबा, आपलं काय ठरलंय?"

"एक शब्द बोलायचा नाही," नॉर्बर्ट कुबियाक म्हणाला.

"कशाबद्दल?"

"वायर, खांब, फ्यूज, पंप, नळ. कशाबद्दलच नाही."

"आणि बोललात तर?"

"पुढच्या वर्षी तुम्ही इथे आणि मी घरी, टीव्हीसमोर."

त्याच्या शेजारी बसलेली सात वर्षांची नात हॅटी फिदीफिदी हसली. "आजोबा, कोको थंड असला तर तसं म्हणता येईल?"

"ते तुझ्या कानात सांगेन."

पुढच्या सीटवर बसलेला जावई डॅरिन मात्र हसला नाही. गेल्या डिसेंबरचं तो अजून विसरला नव्हता. मेरी-गो-राउंडखाली एक वायर उघडी पडलेली नॉर्बला दिसली होती. दोनदा सांगूनही कोणी लक्ष देईना, म्हणून त्याने सरळ जाऊन मेन स्विच ओढला. लाकडी घोड्यांवर चौदा मुलं रडत बसली आणि अर्धं प्राणिसंग्रहालय वीस मिनिटं अंधारात होतं. ती वायर जुनी, कुठेच न जोडलेली निघाली. डॅरिनच्या ऑफिसातली तीन कुटुंबं त्या गर्दीत होती. जानेवारीत प्राणिसंग्रहालयाकडून घरी कडक शब्दांतलं पत्र आलं.

नॉर्बने या जागेची देखभाल एकतीस वर्षं केली होती. पहिली नाताळची रोषणाई त्याच्याच हातची, अस्वलांच्या घरावर आणि दोन पाइन झाडांवर. आता ते काम बाहेरची कंपनी करायची आणि दिवे लाखांनी मोजले जायचे.

फाटकाशी शेजारचे गॉर्डी आणि मार्लिस ओल्स्टाड उभे होते. हॅटीच्या जन्मापासून दोन्ही घरं मिळून येत. गॉर्डीच्या हातात थर्मास होता आणि त्यात कॉफीपेक्षा ब्रँडी जास्त होती.

"आलास का लेका!" गॉर्डी ओरडला. "मेन स्विच जागेवर आहे. मी आधीच बघून आलोय, तू त्रास घेऊ नकोस."

"गॉर्डी, गप्प बस जरा," मार्लिस म्हणाली आणि स्वतःच हसली.

नॉर्बही हसला. हसणं सोपं होतं. वरून भुरभुर बर्फ पडत होता, तापमान शून्याच्या बरंच खाली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या फांद्यांवर निळे-पांढरे दिवे. हत्तीचं घर बंद. माकडं आत. एकटा गवा कुंपणाशी उभा होता, पाठीवर दोन बोटं बर्फ, आणि कर्ण्यांतून येणाऱ्या गाण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्याकडेही कोणाचं नव्हतं. नॉर्बला वाटेत सैल झालेले तीन खिळे आणि बर्फात पडलेला वायरचा एक जोड दिसला. तो काही बोलला नाही. जनेलने ते पाहिलं आणि त्याच्या हातात हात घातला.

शेवटचा थांबा ठरलेला असायचा. तळ्याकाठी सगळ्यांचा एक फोटो. पहिल्यात हॅटी दुपट्यात गुंडाळलेली, सातव्यात पुढचे दात पडलेली. सातही फोटो जनेलच्या फ्रिजवर ओळीने लावलेले होते.

या वर्षी फोटोची जागा काठावर नव्हती. ती तळ्यावर होती.

तळ्याच्या मोरीकडचा, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवायच्या तोंडाकडचा, भाग अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दगडी भिंत आणि मध्ये पंचवीस फूट. त्या पंचवीस फुटांच्या मधोमध बर्फावर दहा फुटी हिरवा तारा उभा केला होता. दोरखंड लावून वाट आखली होती. एकेक कुटुंब आत जायचं, ताऱ्याखाली उभं राहायचं, फोटो काढून परत यायचं. रांगेच्या तोंडाशी पाटी होती: बर्फाची जाडी सहा इंच, निर्धास्त या.

"सहा इंच!" गॉर्डीने पाटीवर थाप मारली. "मी चार इंचांवर खुर्ची टाकून मासे पकडतो. सहावर स्नोमोबिल जाते."

हे विस्कॉन्सिनमध्ये कोणाला शिकवावं लागत नाही. चार इंचांवर माणूस, सहावर स्नोमोबिल, बारावर ट्रक. पोरं हे बेरीज-वजाबाकीच्या आधी शिकतात. रांगेतल्या साठेक माणसांपैकी प्रत्येकाने पाटीवरचा आकडा वाचला होता आणि त्यानंतर कोणीही खाली बघितलं नव्हतं.

नॉर्बने बघितलं. सवय जात नाही.

बर्फाचा पृष्ठभाग सपाट नव्हता. भिंतीशी उंच आणि ताऱ्याकडे खाली गेलेला, जुन्या खाटेसारखा झोळ पडलेला. भिंतीला लागून जागोजागी बोटभर फट होती. वरून पडणारा भुरभुर बर्फ त्या फटीत जात होता आणि दिसेनासा होत होता. पाण्यावर पडला असता तर ओला होऊन काळा दिसला असता.

रांगेच्या तोंडाशी साखळी धरून ड्युएन पेल्की उभा होता. नॉर्बच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला, आता देखभाल विभागाचा प्रमुख.

"बॉस!" ड्युएन म्हणाला. "बरे दिसताय."

"मोरीच्या फळ्या कधी काढल्यास?"

ड्युएनने आधी जनेलकडे बघितलं. ती मार्लिसशी बोलत होती. "बॉस, आज राहू द्या ना."

"कधी?"

दरवर्षी हिवाळ्याआधी मोरीच्या दोन फळ्या काढून तळ्याचं पाणी दोन फुटांनी उतरवायचं, म्हणजे वसंतात वितळलेलं पाणी पाणमांजरांच्या घरात शिरत नाही. काम ऑक्टोबरअखेरचं. आधी पाणी उतरवायचं, मग ते गोठू द्यायचं. एकतीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

"ऑक्टोबरमध्ये कंपनीची माणसं मोरीपाशी केबल टाकत होती," ड्युएन हळू आवाजात म्हणाला. "जागाच नव्हती. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर काढल्या."

"तेव्हा बर्फ धरला होता."

"चार-पाच इंच. पण बॉस, परवा मी स्वतः ड्रिल मारून मोजलंय. सहा भरलं. संचालक मॅडमनी आकडा विचारला, मी आकडा दिला."

"ड्रिल आरपार गेल्यावर भोकात पाणी वर आलं?"

ड्युएन साखळीशी चाळा करत राहिला.

"ड्युएन. पाणी आलं का नाही?"

"कोरडं होतं," ड्युएन म्हणाला.

म्हणजे सहा इंचांची लादी दोन भिंतींवर टेकलेली होती, तिच्याखाली दोन फूट हवा होती आणि त्याखाली नऊ फूट पाणी. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाला पाणी उचलून धरतं. याला काहीच धरत नव्हतं.

"लोक बाहेर काढ."

"पाच वाजल्यापासून दीडशे माणसं जाऊन आली. काही झालं नाही. मॅडमना काय सांगू? नॉर्ब म्हणाला म्हणून? गेल्या वर्षीनंतर?" ड्युएनने साखळी मुठीत घट्ट धरली. "माझ्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, बॉस."

नॉर्ब मागे वळला. "जनेल, आपण इथे फोटो काढायचा नाही."

तिचा चेहरा उतरला. "बाबा."

"खाली पाणी नाही. पोकळ आहे."

"तुम्ही गाडीत काय कबूल केलंत?"

"पोकळ आहे. ऐका." त्याने हातातली काठी दोरखंडापलीकडे नेली आणि बर्फावर आपटली.

ढुम्म.

आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. रांगेतल्या माना वळल्या. मग ताऱ्याखाली उभ्या असलेल्या कुटुंबातल्या दोन पोरी एकमेकींकडे बघून हसल्या आणि दोघींनी एकदम उडी मारली. ढुम्म. त्यांच्या बापाने मारली. ढुम्म. रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"भारी!" कोणीतरी म्हणालं. "ढोल आहे खाली!"

"उड्या मारू नका!" नॉर्ब ओरडला. त्यामुळे त्या आणखी मारू लागल्या.

"नॉर्ब, बास," डॅरिन त्याच्या कानाशी येऊन म्हणाला. "लोक फोन काढताहेत. तुम्ही इथेच थांबा. आम्ही फोटो काढून येतो."

"डॅरिन, मी तुझ्या पाया पडतो."

"एक मिनिटाचं काम आहे."

ताऱ्याखालचं कुटुंब परत आलं. ड्युएनने साखळी उघडली. उघडताना त्याने नॉर्बकडे बघितलं नाही. हॅटी सगळ्यांच्या पुढे पळाली, तिच्यामागे मार्लिस, गॉर्डी, डॅरिन. जनेल काठावर एक क्षण थांबली, मग तीही गेली. ढुम्म, ढुम्म. हॅटी प्रत्येक पावलाला उडी मारत चालली होती.

स्विच कुठे आहे ते नॉर्बला ठाऊक होतं. अस्वलांच्या घरामागे, नव्वद पावलं. पण अंधारात माणसं एकमेकांना धरतात, एका जागी गोळा होतात आणि सगळं वजन तिथेच येतं. त्याने काठी टाकली, छातीवर हात दाबला आणि बर्फात आडवा झाला.

"जनेल!" तो ओरडला.

ती सगळ्यांत आधी वळली. "बाबा!" मग डॅरिन, मग गॉर्डी थर्मास फेकून. मार्लिसने हॅटीला उचललं. पाचही जण दोरखंड ओलांडून काठावर आले, तोपर्यंत नॉर्बने डोळे मिटले नाहीत. तो मोजत होता. पाच.

"कुठे दुखतंय? हातात? जबड्यात?" जनेलने त्याच्या कोटाची बटणं तोडली. "कोणीतरी डॉक्टर बोलवा!"

ड्युएन वाकला. नॉर्बने त्याची कॉलर पकडून त्याला खाली ओढलं. "मला काही झालेलं नाही. साखळी लाव."

ड्युएनने साखळी लावली. सहा चाळीस झाले होते. तो परत येऊन गुडघ्यांवर बसला. "माणूस पडलाय म्हणून दहा मिनिटं धरतो. त्यापुढे मॅडम कारण विचारतील."

"भोक कोरडं होतं, हे कारण."

ड्युएन उठून साखळीकडे गेला.

जनेलने ते सगळं ऐकलं होतं. तिने वडिलांच्या छातीवरचा हात काढून घेतला.

"नाटक होतं?" ती म्हणाली.

"तू बर्फावर होतीस. हॅटी होती."

"मला वाटलं तुम्ही मेलात." ती उभी राहिली. "चला. गाडीत."

"मला ऑफिसात जाऊ दे. त्या बाईंना मी स्वतः सांगतो."

पण तोवर सुरक्षारक्षक पोचला होता. त्याने नॉर्बचा चेहरा टॉर्चने पाहिला, मग फोनमध्ये काहीतरी पाहिलं. "कुबियाक? लक्ष ठेवायच्या यादीत तुमचं नाव आहे, काका. मी तुम्हाला फाटकापर्यंत सोडतो."

"तळ्यावरची माणसं..."

"फाटकापर्यंत, काका."

नॉर्ब चालला. एका बाजूला रक्षक, दुसऱ्या बाजूला डॅरिन, दंड घट्ट धरून. पाठोपाठ जनेल, हॅटी आणि ओल्स्टाड नवरा-बायको. गवा होता तिथेच होता. मागून गाणं ऐकू येत होतं आणि गाण्याच्या खालून, मध्येच, ढोल ऐकू येतोय की नाही हे नॉर्बला ठरवता येत नव्हतं. त्याने दोनदा थांबून कान दिला. दोन्ही वेळा डॅरिनने त्याला पुढे घेतलं.

गाडीपाशी त्याने घड्याळ पाहिलं. सहा चोपन्न.

"दहा मिनिटं होऊन गेली," तो म्हणाला.

"बाबा, प्लीज," जनेल किल्ली शोधत म्हणाली.

शेजारी एक डबकं गोठलं होतं. हॅटीने त्यावर पाय आपटला. टच्च. पुन्हा आपटला. टच्च. तिने मान वर केली. "आजोबा, हे वाजत नाही."

"त्याच्याखाली माती आहे."

"आणि तिकडे?"

तो उत्तर देणार तेवढ्यात आवाज आला. मोठा नव्हता. एखादं जड दार कोणीतरी आतून लावून घ्यावं, तसा. मग गाणं मधेच तुटलं. झाडांवरचे दिवे होते तसेच चालू राहिले.

जनेलच्या हातातली किल्ली खाली पडली. तिने उचलली नाही. डॅरिन फाटकाकडे बघत उभा होता.

नॉर्बचा फोन वाजला. ड्युएन होता. मागे माणसांचा गलका होता.

"गेलं, बॉस. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सगळं एकदम."

"साखळी?"

"मॅडमनी काढायला सांगितली होती. मी कारण सांगितलं. खरं कारण. त्या म्हणाल्या, मी येऊन बघते. त्या आल्या तरी मी काढली नव्हती. नव्हती काढली, बॉस." ड्युएनला धाप लागली होती. "पण पोरं दोरखंडाखालून घुसत होती, ढोल वाजवायला. दोघांना मी हाकललं. बाकीचं मला दिसलं नाही, मी मॅडमशी बोलत होतो."

"आता काय करताय?"

"ताऱ्याचे दिवे पाण्याखाली अजून चालू आहेत. त्या उजेडात बघतोय."

"काय बघताय?"

"कोणी आहे का ते."

नॉर्बने फोन खिशात ठेवला. काठी तळ्याकाठी राहिली होती. तो तसाच फाटकाच्या दिशेने वळला.

"डॅरिन, हॅटीला गाडीत बसव," जनेल म्हणाली. मग तिने वडिलांचा हात धरला, या खेपेला पुढे नेण्यासाठी. "बाबा, मोरीच्या त्या फळ्या परत लावता येतात का? पाणी वर आलं तर कोणाला काठ तरी धरता येईल..."

"वेळ लागेल."

"चला लवकर," ती म्हणाली, आणि दोघं निळ्या दिव्यांखालून तळ्याकडे निघाले.