कानाशी धरलेला बर्फ

मी एक जुनी, निळी, औषधांची थंड पेटी आहे आणि मला माझा अभिमान आहे. खोटी नम्रता मला जमत नाही, मित्रांनो.

कारखान्यात इन्सुलिन तयार होतं. तिथून ते कंपनीच्या गोदामात येतं, मग घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात आणि शेवटी आजाऱ्याच्या हातात. ही एवढी वाट ते माझ्यासारख्या पेट्यांच्या पोटात बसून कापतं. जाहिरातीच्या फलकावर मात्र दात काढून हसणारी बाई असते. तिने आयुष्यात एकही बाटली उचललेली नाही. चालायचंच.

इन्सुलिन तापलं तर बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठलं तरी ते वायाच जातं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून आमच्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात एक रीत होती. फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक अर्धा तास बाहेर ठेवायचे. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळलं, म्हणजे बर्फाचा कडकपणा उतरला, तरच तो माझ्यात ठेवायचा. ही रीत गाडीवाल्या मामांनी घालून दिली होती.

एके दिवशी कंपनीने नवी जाहिरात लावली : सकाळी मागा, दुपारी दारात. झालं. कंपनीचे विक्रीवाले साहेब घड्याळ घेऊन मामांच्या डोक्यावर बसले. अर्धा तास बर्फाकडे बघत काय बसता, म्हणाले. जास्त गार असेल तर चांगलंच की. आणि मामा, एवढे मुरलेले मामा, त्या दिवशी वाकले. दगडासारखे आईसपॅक त्यांनी तसेच माझ्यात कोंबले. माझ्या पोटात बाटल्या कडक होत गेल्या. मला तोंड नाही, नाहीतर रस्ताभर शिव्या दिल्या असत्या.

त्या दिवशी सगळा माल वाटेवरच्या शेवटच्या गावाला जायचा होता. गावात औषधांचं एकच दुकान होतं, काकूंचं. तिथे एक बाप आपल्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन थांबला होता. घरातली बाटली सकाळीच संपली होती. काकूंनी झाकण उघडलं, आईसपॅक कानाशी हलवला आणि मामांच्या हातात दिला. आत पाण्याचा आवाज नव्हता. बाटलीत बर्फाचे कण दिसत होते.

मामांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "वितळू द्या आणि देऊन टाका. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते बापासमोर उभे राहिले. "चूक माझी आहे. हे औषध मेलं. नवीन आणतो."

बाप चिडला नाही, तेच मामांना जास्त लागलं. "संध्याकाळच्या जेवणाआधी हिला सुई लागते, मामा," एवढंच तो म्हणाला.

दीड तास जायला, दीड तास यायला. मामांनी गाडी पिटाळली. गोदामात साहेब पाय आपटत होते. निघा ना आता, आधीच किती उशीर झालाय, म्हणाले. मामा ऐकेनात. आईसपॅक टेबलावर मांडून ते समोर बसले. पूर्ण अर्धा तास. घाम पुसत, पण बसून. मित्रांनो, पळताना तर कोणीही शूर दिसतो. मी त्या बसलेल्या माणसाची पेटी आहे.

दिवे लागायच्या वेळेला आम्ही पोचलो. बाप-लेक दुकानाच्या पायरीवरच होते. मामांनी झाकण उघडून पहिला आईसपॅक त्या पोरीच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरून हलवला.

"पाणी आहे आत," ती म्हणाली.

काकूंनी बाटली दिली. पोरीला सुई वेळेवर मिळाली.

आता माझी बिजागरी तुटली आहे. छोट्या स्क्रीनची नवी पेटी आली, तिच्यावर तापमानाचे आकडे चमकतात. मला कोपऱ्यात ढकललंय, कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवतं, तेव्हा संताप येतो. पण गोदामात नवा माणूस कामाला लागला की मामा त्याला आधी माझ्यावर बसवतात आणि आईसपॅक हातात देतात. आवाज आल्याशिवाय त्याला उठू देत नाहीत.

तुमच्या घरी इन्सुलिन आलं, तर ते खिडकीतल्या उन्हात टाकू नका आणि फ्रीझरमध्ये कोंबू नका. तुमच्या दारापर्यंत आम्ही ते जपलंय. पुढची चार पावलं तुमची.