सहा खुणांचं पाणी

मी एक जुनी काचेची बाटली आहे. दवाखान्यात माझ्यात खोकल्याचं औषध भरायचे. कंपाउंडर आजोबा कागदाची पट्टी कातरून माझ्या अंगावर चिकटवायचे. एक खूण म्हणजे एक डोस. निवृत्त झाले तेव्हा ते मला घरी घेऊन आले.

मित्रांनो, १९९३ साली त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीची, चिमणीची, मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा रुग्णालयातलं यंत्र तिचं रक्त गाळायचं. अंगात पाणी साठू नये म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. आजोबांनी मला नवी पट्टी लावली. सहा खुणा, दिवसभराचं पाणी.

चिमणीच्या आईनं मला कपाटात कुलपात ठेवलं. मी आत अंधारात, चिमणी खिडकीच्या गजाला नाक लावून. तिची शाळा बंद, खेळ बंद. दोघी सारख्याच कोंडलेल्या.

एकदा तिच्या वर्गाची सहल बागेत जायची ठरली.

“नको,” आई म्हणाली. “तिथं जागोजागी नळ असतात.”

“नळ काय चावतो का गं?”

आईनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

त्याच दुपारी न्हाणीघरातून घटघट आवाज आला. कपाटातही ऐकू आला. चिमणीनं दार वाजवलं.

“आजोबा, पाणी पिताय ना?”

आतून ठसका. “छे गं, चूळ भरतोय!”

“एवढी घटघट चूळ?”

कडी निघाली. आजोबांचा आवाज अगदी बारीक झाला. “तुझ्यासमोर घोट उतरत नाही गं, बाळा.”

“तहान माझी आहे, आजोबा. मोजायला मी शिकेन. पण तुम्ही सगळेच असे लपलात, तर मी बोलू कुणाशी?”

आईही स्वयंपाकघराच्या दाराआडच पाणी प्यायची. तिनं हे सगळं ऐकलं. थोड्या वेळानं कुलूप उघडलं. तिनं मला चिमणीच्या हातात दिलं.

सहलीच्या दिवशी बागेत नळाशी झुंबड उडाली. चिमणी एक खूण प्यायली, झाकण लावलं आणि लंगडी खेळायला धावली. दमली की बसून बाकीच्यांना बाद ठरवायची.

संध्याकाळी एक खूण उरली. “ही तुमची,” ती आजोबांना म्हणाली. “माझ्यासमोर प्या.”

मला दोन्ही हातांत धरून ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

पुढे आईनं आपलं एक मूत्रपिंड लेकीला दिलं. ते पाहायला आजोबा राहिले नाहीत. अखेरची दोन वर्षं मात्र ते सर्वांसमोर पाणी पीत. आई आता थकली आहे. कपाटाची किल्ली केव्हाच हरवली. चिमणी शिवणकाम शिकवते, आणि डॉक्टर तिलाच बजावतात, पाणी भरपूर प्या! मी तिच्या मशीनशेजारी असते. माझी पट्टी पिवळी पडली आहे, तीनच खुणा दिसतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी मोजून पाणी पीत असेल, तर आपला पेला लपवू नका. तिच्या बाटलीचं झाकण लागेपर्यंत थांबा, आणि मग तिला खेळात घ्या.