दगडावरची देसा
देसा आमच्या लेस्कोवात्स शहरात तीस वर्षं लोकांचे जिने पुसत होती. ब्लीचनं तिच्या हातांचं काय झालं, हे एकानंही कधी विचारलं नाही. क्रीमनं तिच्या तोंडाचं काय झालं, याची मात्र सगळ्यांना चौकशी. मी शेजारी राहते, म्हणून मला विचारायचे. आता एकदाच लिहून टाकते.

तिचा नवरा मिलुतिन १९९० साली गेला. ती तेव्हा एकेचाळीसची. तिचा दीर रादिवोये, त्यानं थडगं बांधलं आणि आमच्या रीतीप्रमाणे एकाच दगडावर दोघांचेही चिनीमातीवर उतरवलेले फोटो बसवले, मेलेल्या नवऱ्याचा आणि जिवंत बायकोचा. तिच्या नावाखाली कोरलं, "१९४९ – १९". उरलेले दोन आकडे ती मेल्यावर घालायचे. बाई शतक ओलांडेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. असे दगड आमच्या स्मशानात रांगेनं सापडतील.

२००० च्या जानेवारीत देसा थडग्यावर जाऊन आली, माझ्याकडे कॉफी प्यायली आणि म्हणाली, त्या दगडाच्या मते मी आता मेलेली आहे. हसली. त्याच आठवड्यात बसनं निशच्या मोठ्या बाजारात गेली आणि फ्रेंच क्रीमची डबी घेऊन आली. जड काच, सोनेरी झाकण.

वीस वर्षं. रोज सकाळी, दोन बोटांनी, मानेपासून वर. डबीचे पैसे वाचवायला घरात राजमा शिजायचा तो मांसाशिवाय. परिणाम विचाराल तर खरं सांगते, जादू झाली नाही. डोळ्यांपाशी सुरकुत्या आल्याच, गळा सुटलाच. पण कातडी मऊ राहिली आणि साठीत ती पन्नाशीची दिसायची. लोकांना तेवढं पुरलं. कुणासाठी नटते? विधवेला कसली हौस? बोलणाऱ्या कोण, तर ज्यांच्या पायऱ्या ही पुसायची त्याच. त्यांच्या नवऱ्यांच्या पोटांचे नगारे झाले, त्यावर अवाक्षर नाही.

एकदा मीही विचारलं. खोटं कशाला बोलू, माझाही जळफळाट व्हायचा. देसानं शांतपणे डबी बंद केली. दगडावरची बाई एकेचाळीसची आहे, म्हणाली, आणि मिलुतिन इतकी वर्षं तिच्याच शेजारी पडलाय. मी अशी सुरकुतून गेले तर तो मला ओळखणार कसा?



गेल्या हिवाळ्यात रादिवोयेनं नवा काळा ग्रॅनाइट बसवायचं ठरवलं. पितरांच्या शनिवारी आम्ही सगळे थडग्यावर जमलो होतो. मेणबत्त्या, उकडलेले गहू, राकीया म्हणजे आमची फळांची दारू. पाथरवट तिहोमिर माप घ्यायला आलेला. रादिवोयेनं भावासाठी चार थेंब जमिनीवर ओतले, उरलेली स्वतः घशात टाकली आणि देसाकडे वळला.

"वहिनी, एक नवा फोटो दे. हवं तर क्रीम थापून काढ. आणि काळजी नको, या वेळी 'वीस' कोरून ठेवतो."

लोक हसले. देसा जुन्या फोटोकडे बघत होती. मीही बघितलं. तीस वर्षांच्या उन्हानं दगडावरच्या देसाचं तोंड खाऊन टाकलं होतं. नाक गेलेलं, ओठ गेलेले, केसांची एक कड तेवढी उरलेली. जिच्यासारखं दिसायला ही रोज सकाळी धडपडत होती, ती तिथं नव्हतीच.

"माझी बाजू कोरी ठेवा," देसा म्हणाली.

"मग मेल्यावर जाणार कुठं तू?"

"इथंच येईन, भावजी. पण मी मेल्याशिवाय माझा आकडा लिहायचा नाही. एकही नाही." मग तिहोमिरला म्हणाली, "तो फोटो काढून दे मला."

रादिवोये पुटपुटला, लोक काय म्हणतील. वीस वर्षं म्हणतायतच की, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. तिहोमिरनं छिन्नी लावली. फोटो निघाला, आणि त्याच्यामागे दगड नव्यासारखा पांढरा होता.

घरी येताना मी विचारलं, आता मिलुतिन कसा ओळखणार?

"आवाजावरून. जन्मभर मीच ओरडत होते त्याच्यावर."

तिनं फोटो टेबलावर पालथा ठेवला. डबी उघडून तळाचं सगळं क्रीम खरवडलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या भेगाळलेल्या हातांना चोळलं. मग माझे हात ओढले.

"विदे, तुझ्याही हातांचं काय झालंय बघ," म्हणाली, आणि चोळत बसली.