काखेतला काळा डाग

"हलू नका हं," रुपचंद सवयीनं पुटपुटला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. समोर कुणी नवरदेव नव्हता, की पासपोर्टच्या फोटोला आलेलं गिऱ्हाईक नव्हतं. पाझर तलावाच्या काठच्या चिखलात एक पक्षी उभा होता. कबुतराएवढा, राखाडी, जाड चोचीचा. आणि तो बापडा तसाही हलत नव्हताच.

दोंडाईच्यात बाजारपेठेच्या तोंडाशी रुपचंदचा फोटो स्टुडिओ. बापाच्या वेळेपासूनचा. 'हलू नका' आणि 'एकच, शेवटचा' ही दोन वाक्यं रुपचंदनं उभ्या आयुष्यात जितक्यांदा म्हटली असतील, तितकं देवाचं नावही घेतलं नसेल. मोबाइल आले आणि धंद्याची रया गेली. आता उरले पासपोर्टवाले, वर्षाकाठी चार गरिबाघरची लग्नं आणि मेलेली माणसं. घरात कुणी गेलं की लोक मोबाइलमधला कुठल्या तरी पंगतीतला फोटो घेऊन यायचे. रुपचंद त्या म्हाताऱ्याला पंगतीतून उठवायचा, मागे निळा पडदा लावायचा, अंगात कोट घालायचा आणि डोळे मिटलेले असले तर तेही उघडून द्यायचा. हार घालायला फोटो तयार.

"जित्ता माणसे तुमनाकडे येतस नही, मरेलच येतस," बायको कुंदाबाई चिडवायची.

"मरेल बरं ऱ्हास वं," तो म्हणायचा. "फोटो चांगला उना नही अशी तक्रार करस नही."

लग्नांसाठी म्हणून घेतलेला जुना कॅमेरा आणि लांब भिंग, दोन्ही धूळ खात पडलेलं. एकदा धुळ्याच्या पक्षीवाल्या मंडळींनी रविवारी सोबत नेलं आणि त्याला नाद लागला. मंडळी झकास होती. कॉलेजात शिकवणारे प्रेमराज सर, उर्दू शाळेतल्या यास्मिन मॅडम आणि बँकेतला नवीन नावाचा पोरगा, ज्याच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा असायचा. सगळे रुपचंदला 'भाऊ, भाऊ' करायचे, डबा त्याच्यासमोर आधी सरकवायचे. पण नोंद करायची वेळ आली की त्याचा फोटो नेमका धूसर निघायचा. गेल्या वर्षी काळा करकोचा पहिल्यांदा दिसला तो रुपचंदला. त्यानं मोठ्या कौतुकानं ग्रुपवर टाकलं, दुसऱ्या दिवशी नवीन आला, आणि पेपरात फोटो छापून आला तो नवीनचा. खाली नावही त्याचंच. रुपचंदनं ते पान स्टुडिओत कुणाला दिसणार नाही अशा जागी घडी करून ठेवलं होतं. टाकवतही नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

आणि आज हा पाहुणा. अरबी समुद्रात वादळ उठलं होतं, त्याचा वारा पार खानदेशापर्यंत आला. आभाळ भरून राहिलं, वेचणीला आलेला कापूस भिजला, लोकांनी कपाळाला हात लावले. आज वारा पडला तसा रुपचंद दुकानाला कुलूप लावून स्कूटरवरून तलावावर आला, तर हा समोर.

त्यानं सरांना फोन लावला.

"सर, सोनचिखल्यासारखा आहे, पण अंगानं दांडगा. सोन्याचा रंग कुठेच नाही."

"काय सांगता! राखी चिखल्या तर नाही? तो समुद्रकाठचा पक्षी हो, आपल्याकडे कुठला यायला! काखेत बघितलंत का? त्याच्या काखेत काळा डाग असतो. तो दिसला की संपलं, वादच नाही."

"तो पंख उचलतच नाही सर. नुसता उभा आहे."

"मग बसून राहा. कधी तरी आळस देईलच. वादळानं फेकलाय त्याला, दमला असणार. उठवू नका बरं का, भाऊ. आपला नियम माहीत आहे तुम्हाला. उद्या सकाळी आम्ही येतोच सगळे. नवीनलाही सांगतो."

नवीनलाही सांगतो. हे शेवटचं वाक्य रुपचंदच्या काळजात जाऊन बसलं. झालं म्हणजे! उद्या ती तोफ येणार, पक्षी नेमका तेव्हाच पंख पसरणार आणि आपण पुन्हा बाजूला. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, इथे कळसा दुसऱ्याच्याच काखेत.

तो बसला. चिखलात कोपरं टेकून, भिंग रोखून बसला. पक्षी एका पायावरून दुसऱ्या पायावर आला, चोच पाठीत खुपसली आणि डोळा मिटला. ऊन तलावावरून सरकायला लागलं. अजून थोडा वेळ, की उजेड जाणार.

मागून शेळ्यांचं बें-बें ऐकू आलं. वना आबा. रोज याच काठावर शेळ्या चारणारा म्हातारा.

"तो कालदिनना आठेच बसेल शे," आबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला. "चरस नही, उडस नही. भलता दमी जायेल दिखस."

"हा, आबा."

"मंग तुम्ही काय करी राह्यनात?"

"फोटो."

"काढा ना मंग. बठेल शे ना समोर."

आता याला काखेतला डाग कसा समजावून सांगायचा! रुपचंदनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. आणि मग, आपण काय करतोय ते स्वतःला नीट कळू न देता, त्यानं टाळी वाजवली.

पक्षी दचकला, उडाला, वीसेक पावलांवर जाऊन उतरला. फोटो धूसर. रुपचंद पुढे सरकला. पुन्हा टाळी. या वेळी पक्ष्यानं पाठ फिरवली होती. मनात आलं, पुरे. पण बोट बटणावर होतं, आणि तोंडातून आपोआप तेच बाहेर पडलं, जे तो नवऱ्यामुलीला, तिच्या रडवेल्या आईला, कंटाळलेल्या पंगतीला म्हणत आला होता.

"एकच. शेवटचा."

तो शेवटचा काही शेवटचा ठरेना. पक्षी आता टाळीला उठत नव्हता, तेव्हा रुपचंदनं ढेकूळ उचललं.

"कसाले उडाडी राह्यनात त्याले?" वना आबा ओरडला. "ऱ्हाऊ द्या ना भाऊ! पाहुणा शे तो!"

ढेकूळ पक्ष्याच्या पायाशी जाऊन फुटलं. पक्षी उठला, दोन्ही पंख वर गेले आणि त्या क्षणी तिरपं ऊन नेमकं त्याच्या काखेत शिरलं. रुपचंदचं बोट दाबलेलं राहिलं.

त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. आयुष्यात असा फोटो त्याला कधी मिळाला नव्हता. एकेक पीस वेगळं मोजावं असं. आणि काखेत तो डाग, तान्ह्या पोराच्या गालावरच्या काजळाच्या तिटीसारखा, काळा कुळकुळीत.

मान वर केली तेव्हा पक्षी पलीकडच्या काठाला, बाभळींच्या जाळीपाशी उतरत होता. उतरत कसला, पडत होता.

"बस?" वना आबानं विचारलं. "व्हयना का तुमना फोटो?" आणि उत्तराची वाट न पाहता तो शेळ्या हाकत निघून गेला.

घरी जाऊन रुपचंदनं फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बराच वेळ वाट पाहिली. स्वतःहून पंख ताणले, तेव्हा टिपला.' लिहिताना अंगठा अडखळला, पण लिहिलं. मग काय, अभिनंदनाचा पाऊस. सरांचा फोन आला, आवाज नुसता थरथरत होता. नवीननं लिहिलं, 'भाऊ, मानलं बुवा! असा मला जन्मात जमला नसता.' वर्षभर याच एका वाक्यासाठी रुपचंद झुरला होता. आता ते समोर होतं आणि त्याला घास गिळवत नव्हता.

"आज ते भलता खूश व्हवाले पाहिजे होतात तुम्ही," कुंदाबाई म्हणाली. "आनि तोंड असं, जशी काय कोनी थापड मारी."

"काही नही वं. डोकं दुखस."

डोकं दुखत नव्हतं. त्याला राहून राहून तो पक्षी उतरताना दिसत होता.

उजाडता उजाडता तो तलावावर पोचला. सगळ्यांच्या आधी जाऊन पक्षी हेरून ठेवतो, असं त्यानं घरी सांगितलं होतं. खरं तर त्याला त्या पक्ष्याला एकदा चिखलात चोच घालताना, काहीबाही खाताना बघायचं होतं. तेवढं दिसलं असतं तर त्यानं बालाजीला नारळ फोडला असता.

पक्षी बाभळींखालीच होता. कुशीवर पडलेला. पाय पोटाशी ओढलेले आणि एक डोळा अर्धवट उघडा, त्याच्या कडेनं मुंग्यांची रांग लागलेली. रुपचंदनं फुंकर मारून मुंग्या उडवल्या. तळहातावर उचलला तर काही वजनच नव्हतं. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं. समुद्र सोडून इतका लांब आला, वादळातून वाचला. कसाबसा उरलेला जीव होता त्याच्यात, एवढा फक्त टिकवायचा होता त्याला. तेवढाच आपण टाळ्या वाजवून वाजवून काढून घेतला. रुपचंदचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःची भयंकर चीड आली. आता रडून कुणाला दाखवतोस, रुप्या?

तेवढ्यात जीपचा आवाज आला. विचार करायला सवड मिळाली नाही. हातांनी आपलं आपणच केलं: कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन उघडली, पक्षी आत, कॅमेऱ्यावर ठेवला आणि चेन लावून टाकली.

"कुठायत आमचे हिरो?" यास्मिन मॅडम लांबूनच ओरडल्या. हातात जिलबीचा पुडा. सरांनी येऊन त्याला मिठीच मारली. बॅग दोघांच्या मध्ये दबू नये म्हणून रुपचंदनं ती पाठीमागे सरकवली.

मंडळींनी दुर्बिणी लावून तलाव पिंजून काढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चार शेकाटे आणि एक बगळा. बस्स.

"गेला वाटतं," नवीन म्हणाला.

"जाऊ दे. चांगलंच झालं," सर म्हणाले. "दम खाऊन निघाला असेल आपल्या वाटेनं. आणि तो का जाऊ शकला सांगू? भाऊंनी त्याला उठवलं नाही. शिका रे जरा यांच्याकडून. फोटोपेक्षा पक्षी मोठा."

रुपचंदला वाटलं, जमीन फाटेल तर बरं.

बांधावरून वना आबा शेळ्या घेऊन येत होता. सरांनी त्याला हाक मारली. "राम राम, आबा. काल इथे पक्षी होता ना एक, राखाडी? गेला कुठे, पाहिलंत का?"

रुपचंदनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला. आबानं सरांकडे पाहिलं, मग रुपचंदकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माले काय माहीत भाऊ," तो म्हणाला. "हाऊ फोटोवाला भाऊलेच इचारा."

एवढं बोलून तो चालायला लागला. वाचलो, असं रुपचंदला वाटलं आणि पुढच्याच क्षणी कळलं की वाचलेला नाही. म्हाताऱ्यानं सगळं त्याच्यावरच टाकलं होतं.

"चला, जिलबीच्या आधी एक ग्रुप फोटो!" यास्मिन मॅडम म्हणाल्या. "भाऊ मधोमध."

"आणि भाऊंच्याच कॅमेऱ्यानं," नवीन म्हणाला. "मी काढतो. द्या इकडे." त्यानं बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"थांब."

आवाज जरा जोरातच निघाला. सगळे बघायला लागले. बॅटरी उतरलीय, हे वाक्य रुपचंदच्या जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं की भागलं असतं. पक्षी कुठे तरी पुरला असता, फोटो पेपरात आला असता, खाली नाव आलं असतं. मेलेल्याला कोट घालून डोळे उघडून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं दोंडाईच्यात.

तो खाली बसला. पासपोर्टच्या फोटोला मागे धरायचं पांढरं कापड बॅगेच्या कप्प्यात होतं, ते त्यानं जमिनीवर अंथरलं. मग चेन उघडली आणि पक्षी उचलून त्या कापडावर ठेवला.

"गेला नाही सर तो," रुपचंद म्हणाला. "मी उठवला त्याला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. टाळ्या वाजवून. शेवटी ढेकूळ मारलं. म्हणून तो फोटो मिळाला. मी खोटं लिहिलं."

यास्मिन मॅडमनी जिलबीचा पुडा हळूच बंद केला. नवीननं नजर दुसरीकडे वळवली, आणि ती शिवीपेक्षा जास्त लागली.

सर गुडघ्यावर बसले. दोन बोटांनी त्यांनी पंख उचलला. काखेत डाग होता. त्यांनी पंख पुन्हा जागच्या जागी नीट ठेवला, जसा कुणी झोपलेल्याचा हात ठेवावा.

"नियम मीच सांगितला होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "त्याचा फोटो घ्या, भाऊ. असा आहे तसा. नोंद खरी झाली पाहिजे."

"मी, सर?"

"तुम्हीच."

रुपचंदनं कॅमेरा काढला. भिंगाला एक बारीक राखाडी पीस चिकटलं होतं, ते त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलं. कालच्यासारखाच कोपरं टेकून तो चिखलात आडवा झाला. सवयीचे शब्द ओठांपर्यंत आले, ते त्यानं गिळले आणि बटण दाबलं. एकदाच.

"नीट आला?" सरांनी विचारलं. "की हलला?"

"नाही सर," रुपचंद म्हणाला. "हलला नाही."