झिपोरा घर दाखवते

व्हर्डेल गॅड्सडेन तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाली आणि कोर्टाच्या कामाला लागली. नवरा-बायको वेगळे होताना लेकरू कुणाकडे राहावं यावरून जुंपली, की न्यायाधीश त्या लेकरासाठी एक तिऱ्हाईत माणूस नेमतात. त्यानं दोन्ही घरी जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि लेकराचं भलं कशात आहे ते लिहून द्यायचं. साउथ कॅरोलिनातल्या त्या नदीकाठच्या गावात हे काम व्हर्डेलइतकं जीव ओतून कुणी करत नसे. देवानं आपल्याला एकही मूल दिलं नाही ते सगळ्यांची सांभाळायला मिळावीत म्हणूनच, असं ती मानायची.

तिची एक पद्धत होती. प्रश्नांचा भडिमार करायचा नाही. पोराला एवढंच म्हणायचं, "चल, तुझं घर दाखव मला."

सात वर्षांच्या झिपोरानं आधी बापाचं घर दाखवलं. बाप म्हणजे ल्युशस बायनम, व्हर्डेलच्याच चर्चमधला डीकन, पाद्र्याच्या हाताखालचा मानाचा सेवक. जुन्या भजनाची ओळ त्यानं म्हणावी आणि सगळ्या मंडळींनी ती उचलून लांबवावी. त्या आवाजानं व्हर्डेलचे डोळे दर रविवारी भरून यायचे. घर आरशासारखं लख्ख. चुलीवर टोमॅटोचा लाल भात. झिपोरा भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. "हा हॉल. ही माझी खोली. डॅडी, मिस व्हर्डेलना पाणी देऊ?"

"बघा सिस्टर, किती गुणी पोर आहे," ल्युशस हसून म्हणाला. "आईकडे गेली की अंगात येतं तिच्या. डोकं भडकवून ठेवलंय."

आईकडे खरंच अंगात आलं. कोरिन्था लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होती. तिथं झिपोरानं चमचा फेकला, भेंडी नको म्हणून भोकाड पसरलं, आईच्या पायाला विळखा घातला. मग डोळे पुसून घर दाखवायला निघाली.

"ही खिडकी अडकते. ही नाही अडकत. मागचं दार उचलून ढकललं की आवाज होत नाही."

"तुला गं कसं माहीत?"

"मी रोज करून बघते."

व्हर्डेलला तो पोरखेळ वाटला. ती कोरिन्थाकडे वळली. "मारत होता म्हणतेस, मग पोलिसांना का नाही बोलावलंस, बाई?"

"कशानं बोलावू? फोन त्याच्या खिशात असायचा," भांडी घासता घासता कोरिन्था म्हणाली. "आणि मिस व्हर्डेल, तुम्ही तरी आत्ता माझं ऐकताय का? तुमच्या कानात त्याचं भजन वाजतंय."

हे व्हर्डेलला झोंबलं. गुरुवारी तिनं अहवाल लिहिला. बापाजवळ मूल शांत, आईजवळ हट्टी. शनिवार-रविवार बापाकडे मुक्कामाला पाठवायला हरकत नाही. सोमवारी तो कोर्टात द्यायचा होता.

मध्ये रविवार आला. ल्युशस उभा राहिला, उजवा तळवा उंच केला आणि पहिली ओळ म्हटली. मंडळींनी ती झेलली. झिपोरा पुढच्या बाकावर आजीशेजारी, बापाच्या आईशेजारी, बसली होती. तळवा वर गेला तसा तिचा डावा खांदा कानाला भिडला, डोळे मिटले.

माशी बसली असेल, व्हर्डेलला वाटलं.

दुसरी ओळ. तळवा वर, खांदा वर. तिसरी. चौथी. "गा, डीकन, गा!" लोक आनंदानं डुलत होते. आजीही गात होती, आणि गाता गाता, न बघताच, तिनं झिपोराचा गुडघा घट्ट दाबून धरला.

आजीला माहीत होतं.

व्हर्डेल गाणं सोडून उठली आणि पोरीच्या बाकाकडे गेली. तिला आपली बस आठवली. पोरांच्या दंग्याची धास्ती तिला कधीच वाटली नव्हती. बस एकदम गप्प झाली, की ती मागं आरशात बघायची. मग त्या लख्ख घरात आपण आरशात कसं नाही बघितलं?

आता पोरीला विचारता आलं असतं. पण अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना जाते, म्हणजे बापाच्याही हातात पडते. पूर्वी एकदा तिनं एका मुलीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. पुढच्या भेटीत ती मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली होती, "मी खोटं बोलले." म्हणून झिपोराचा एक शब्दही तिनं घातला नाही. जुना अहवाल फाडला आणि फक्त स्वतः पाहिलेलं लिहिलं.

कोर्टात ल्युशसचा वकील हसला. "पोरीनं भजनात खांदा उडवला, म्हणून बाप राक्षस?"

"चार ओळी, चार वेळा, साहेब," व्हर्डेल म्हणाली. "पाचव्यांदा हात मी वर केला, हालेलुया म्हणत, तिच्या शेजारी जाऊन. पोर हललीसुद्धा नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि निकाल दिला. बापलेकीची भेट होईल ती कोर्टाच्या देखरेख केंद्रात, दोन तास, तिथल्या माणसासमोर, मुक्काम नाही.

बाहेर ल्युशस टोपी हातात घेऊन थांबला होता. "छान लिहिलंत, सिस्टर. ओकच्या झाडामागचं पिवळं घर तुमचंच ना? एकट्याच असता. भेटूच रविवारी."

दुपारी ती निकाल सांगायला कोरिन्थाकडे गेली. कोरिन्था रडू लागली. झिपोरा मात्र रडली नाही.

"डॅडी तुम्हाला काय म्हणाले?"

"रविवारी भेटू म्हणाले."

"हसत?"

"हो. हसत."

झिपोरानं तिचा हात धरला. "मिस व्हर्डेल, तुमच्या घराला दारं किती?"

"दोन."

"मागचं अडकतं?"

"दमट हवेत जरासं."

"मग आजच बघा, आवाज न होता बाहेर पडता येतं का."

घरी आल्यावर व्हर्डेलनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. मेणबत्तीचा तुकडा घेतला, मागच्या दाराच्या कडांना वरपासून खालपर्यंत घासला, आणि दार उचलून ढकललं. करकरलं. पुन्हा मेण घासलं, पुन्हा ढकललं. तोंडानं देवाचं नाव चाललं होतं आणि कान समोरच्या रस्त्याकडे होते. ऊन कलेपर्यंत ती दार उघडत राहिली, आवाज बंद होईपर्यंत.