तोंड दिसायला हवं

दामूने पिशवी बाकावर ठेवली आणि तो चौकशीच्या खिडकीकडे निघाला, कारण आतला माणूस एका बाईला केव्हापासून उत्तरच देत नव्हता. बाई स्वच्छ विचारत होती, गणेशपुरीची गाडी कधी आहे. आतला माणूस कपाळाला आठ्या घालून 'काय? काय?' करत होता. रांगेतले दोघे तर तिला बाजूला सारायला लागले होते. भिवंडीच्या स्टँडवर माणसांना एवढा माज कधीपासून आला, असं दामूला वाटलं.

"सवा अकराला हाय," तो तिला म्हणाला. "वज्रेश्वरीवरनं जाते. चला, मी दावतो."

बाईने चमकून पाहिलं. मग गळ्याभोवतीचा रुमाल बोटाने जरा खाली ओढला. गळ्यावर ऑपरेशनचा व्रण होता.

"आवाज गेला माझा," तिचे ओठ म्हणाले. "तुम्हाला कसं ऐकू आलं?"

दामूला हसू आलं. गेली दोन वर्षं त्याला ढोल बडवला तरी ऐकू येत नव्हता.

दिघाशी गावाहून विशीत आलेला हा माणूस चाळीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमवर उभा राहिला आणि लूमने त्याचे कान खाल्ले. त्या खडखडाटात कोणी कोणाला ऐकू जात नाही. शेजारच्या लूमवरचा काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरूनच घ्यायचं, मराठी असो की यूपीवाल्याची हिंदी. सगळेच ते करत, त्यामुळे ती काही विद्या आहे असं कोणाला वाटत नसे. दामूलाही नाही.

घरी मात्र त्याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं ठरून गेलं होतं. मुलगा विपुल गोदामात ड्युटीला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सून रूपा आधी कानाशी येऊन ओरडायची. मग तिचा घसा बसला आणि ती हाताच्या खुणांवर आली. जेवा, उठा, सरका. कानाचं मशीन आणलं, त्यातून नुसती घरघर यायची, म्हणून ते कपाटात गेलं. कोणी वाईट वागत नव्हतं. ताट वेळेवर येत होतं. पण दिवसच्या दिवस त्याच्याशी कोणी एक वाक्य बोलत नसे, आणि त्याचा त्याला फार त्रास होत असे. म्हणून तो रोज स्टँडवर येऊन बसायचा. निदान माणसं बोलताना दिसत.

बाईचं नाव कमळ. थोरली बहीण गणेशपुरीला अंथरुणाला खिळली होती. कुठे उतरायचं ते मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी घरीच राहिली आणि हिला सहीपुरतंच लिहिता येत होतं. गाडी लागली तशी ती कंडक्टरकडे आणि पुन्हा दामूकडे पाहायला लागली. अशी बाई वाटेत कुठेही उतरवली जाईल, हे दिसतच होतं. घरी सांगायला दामूकडे फोन नव्हता. ऐकू न येणाऱ्याने फोन कशाला बाळगायचा? तो तिच्या मागोमाग गाडीत चढला.

मागची आडवी सीट मिळाली. कमळ त्याच्याकडे वळून बसली आणि बोलायला लागली. दवाखान्याबद्दल, भाताबद्दल, एका चोरट्या मांजरीबद्दल. दामूही बोलला. आपला आवाज किती मोठा होतोय ते त्याला कळत नव्हतं. पुढची माणसं वळून पाहायची, तेव्हा कमळ हात खाली दाबून त्याला हळू करायची. एकदा दोघं खूप हसली. तिचं हसणं बिनआवाजाचं आहे, हे त्याला जाणवायचं काही कारणच नव्हतं.

वज्रेश्वरी गेल्यावर तिने विचारलं, "घरात बोलत न्हाईत तुमच्याशी?"

"बोलायचे. कानाशी येऊन वरडायचे. मला काय ऐकू येईना."

"कानाशी?" कमळने कपाळावर हात मारला. "तोंड दिसंना मग. समोर बसवा की त्यांना."

एवढी साधी गोष्ट, पण दोन वर्षांत ना दामूला सुचली ना कोणाला. लूमवर माणसं आपसूक समोर यायची आणि घरात आपसूक कानाशी जायची. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

गणेशपुरीला बहिणीने कमळचे दोन्ही हात धरले आणि तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहून ती रडायला लागली. तिला काही कळत नव्हतं. दामू दारातच चपला घालून उभा होता. कमळने त्याच्याकडे पाहिलं.

"ती म्हणते," दामू म्हणाला, "सहा महिने आले न्हाय, रागावू नको. तुझ्याच हातची भाकर आठवत व्हती, म्हणते."

बहीण आणखीनच रडली. मग कमळने त्याला आत बसवलं, जेवू घातलं, आणि तासभर तो त्या दोघींच्या मधे बसून बोलत राहिला.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. रूपा दारातच उभी होती. तिचे डोळे सुजले होते. पिशवी कोणीतरी स्टँडवरून आणून दिली होती, ती उंबऱ्याजवळ पडली होती. त्याला पाहताच तिने त्याचा दंड धरला आणि तोंड कानाला लावून ओरडायला लागली. दामूला कानावर फक्त तिचा गरम श्वास लागला.

त्याने तिला खांद्याला धरून हळूच दूर केलं. खाटेवर बसवलं. स्वतः स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावला.

"हां," तो म्हणाला. "आता बोल. वरडू नको. नुसती बोल."

रूपा त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांना पदर लावला, तो खाली घेतला. मग मान किंचित खाली घालून, स्वतःशीच बोलावं तसं ती पुटपुटली,

"काय बोलू? सवयच गेली, बाबा."

"माझीबी," दामू म्हणाला.

रूपाने चमकून मान वर केली.