कोंबडा खाल्लास, आता शिकव

माझ्या आजीच्या आजीनं पायात पाय घालून वाघ पाडला होता. लंगडत गेला तो डोंगरावर, आणि त्याच्या खानदानातला एकेक वाघ आजही आमच्या गावात शिरायच्या आधी खोकतो. पटत नसेल तर वाघाला विचारा. पण आता सांगते ते तसलं नाही. हे सांगताना अजून माझं डोकं तापतं.

माझी नात वेलनी. रोज व्हॅननं पायाकुंबू शहरात जायची, नर्सिंग शिकायला. त्या व्हॅनचा क्लीनर रिझाल, हात झडो मेल्याचा, चढताना तिचं मनगट धरायचा आणि सोडायचा नाही. पोरगी अंग चोरायची, मागच्या बाकावर जायची, मागून येणारी व्हॅन पकडायची. वर्षभर हेच. एक दिवस त्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल ओढला आणि व्हॅनच्या आरशाला बांधला, निशाण लावावं तसा. अख्खं गाव बसलं होतं आत, पण सगळ्यांना नेमकी तेव्हाच खिडकीबाहेरची भातशेतं बघायची होती!

घरी येऊन म्हणाली, "उची, मी उद्यापासून जात नाही." आजीला ती उचीच म्हणते.

"जाशील. आधी सिलात शिकशील, मग जाशील."

सिलात आमच्याच अंगणात चालतं. मारामारीची ही विद्या माझा धाकटा भाऊ जामारिस शिकवतो. गावची पोरं येतात, शहरातले साहेब पोट उतरवायला येतात. वेलनी रीतीप्रमाणे कोंबडा, सुरी, लिंबं आणि पांढरं कापड घेऊन त्याच्यापुढे गेली. त्यानं कोंबड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मुलींनी लग्नात विड्याचं तबक घेऊन नाचाची दोन पावलं टाकावीत. तेवढी शिकवतो."

"मला मनगट सोडवायचं शिकवा, मामाआजोबा."

"त्याची नजर चुकवून जा की जरा! कुणाचं हाडबिड मोडलं तर बोल मला लागेल."

आणि वळला साहेबांच्या पोटांकडे. मी खिडकीत होते. दात इतके आवळले की उरलेत तेवढेही हलले.

शुक्रवारी नमाज झाला की जामारिस माझ्याकडे जेवतो. बायकोच्या हातचं त्याला तिखट लागत नाही. त्या शुक्रवारी मी नारळाच्या दुधात कोंबडा शिजवला, मिरचीचा लालभडक. नाक पुसत पुसत जेवला, हाडं चोखली. मग मी त्याच्या ताटाशेजारी सुरी ठेवली. लिंबं ठेवली. पांढरं कापड ठेवलं.

त्याची बोटं तोंडातच राहिली. "उनी..." मला, थोरल्या बहिणीला, तो उनी म्हणतो. "उनी, कोंबडा कुणाचा होता?"

"वेलनीचा."

"हे कपट आहे!"

"मीठ बरोबर होतं ना कपटात?"

शिष्याचा कोंबडा पोटात गेला की गुरू बांधला जातो. खाऊन शिकवलं नाही तर गुडघे उलटे फिरतात. एकाचे असे फिरले की तो मशिदीला निघायचा आणि सासूच्या दारात पोचायचा.

"मी पंचांपुढे जाईन," जामारिस ओरडला.

"जा! आणि अंगण कुणाचं तेही सांग त्यांना. आईचं मला आलं, माझं लेकीला, लेकीचं वेलनीला. लग्न झाल्यापासून तू झोपतोस बायकोच्या घरी, आणि माझ्या मातीत उभा राहून माझ्याच नातीला नजर चुकवायला सांगतोस? तिचा मामाआजोबा ना तू? उद्या अंगणात मिरच्या लावते. तुझ्या साहेबांना खुरपायला बसव, लवकर उतरतील पोटं!"

दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून उभा राहिला. "पहिला धडा. समोरचा अंगावर आला की मागे सरायचं. परत आला, परत सरायचं. त्याला शहाणं व्हायची संधी द्यायची. मगच हात उचलायचा."

वेलनी जागची हलली नाही.

"मामाआजोबा, मी वर्षभर मागेच सरतेय. माझं सरून झालं. पुढचं शिकवा."

साहेबलोक पोट आत घेऊन उभे. जामारिसनं पायाखालच्या मातीकडे बघितलं. मग पुढे आला आणि तिचं मनगट धरलं.

"अंगठ्याच्या बाजूनं फिरव," म्हणाला. "हं. आता माझा कोपर बघ."

भात कापणीला येईपर्यंत मी तिच्याबरोबर व्हॅनमध्ये बसायची, मांडीवर ओल्या मिरच्यांची टोपली घेऊन. रिझाल टोपलीकडे बघायचा आणि आधीच डोळे चोळायचा. मग एके सकाळी वेलनी म्हणाली, "उची, आज तू घरी थांब."

थांबते कसली! थांब्यावरच्या टपरीमागे जाऊन उभी राहिले.

गावोगाव मी सांगते की रिझाल टपावरून उडाला, नारळाच्या झाडाला लटकला आणि नारळ पाडायला शिकवलेल्या माकडानं त्याला उतरवून घेतला. खरं म्हणाल तर तो फक्त पाटाच्या पाण्यात बसला होता, कोपर छातीशी धरून, आणि वेलनी आरशाला तेव्हापासून बांधलेला आपला रुमाल सोडत होती.

ह्या वेळी कुणालाच भातशेतं बघायची नव्हती. माना बाहेर काढून बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवायला लागले.

वेलनी गर्रकन वळली. "आत्ता सापडले हात?"

टाळ्या थांबल्या. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला, मला उशीर होतोय."